खोलीत दुसरं माणूस नको

माझ्या नोकरीची पहिली अट अशी होती की काम चालू असताना पंखा लावायचा नाही. दुसरी अट, दार बंद. आणि तिसरी, खोलीत दुसरं माणूस नको. खोपोलीत मे महिन्याची एक दुपार ज्याने काढली आहे त्याला पहिल्या अटीचा अर्थ सांगावा लागणार नाही. तिसरीचा कळायला मला बरीच वर्षं लागली.

मी उष्णता मोजायचे. कुणी विचारलं, काय करता, तर मी हेच सांगायचे आणि समोरच्याला वाटायचं की मी दवाखान्यात तापाच्या पेशंटकडे बघते. मग सगळं पहिल्यापासून सांगणं आलं. कारखान्यांना बॉयलर असतात, बॉयलरला जळण लागतं. कोळसा, लाकूड, भुसा, उसाची चिपाडं, भाताचा तूस, जे मिळेल ते. पण एक किलो जळणातून किती उष्णता मिळणार हे आधी कळल्याशिवाय कारखाना गाडी आत घेत नाही. ते सांगणं हे आमच्या प्रयोगशाळेचं काम. प्रयोगशाळा हा शब्द जरा मोठाच झाला. एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आमच्या तीन खोल्या होत्या. मालक पुण्याला राहायचे आणि सहीपुरते उगवायचे. बाकी वर मी आणि खाली सायकलवाला.

मोजायची रीत सोपी आहे. नमुना दळायचा, दाबून त्याची पावट्याच्या दाण्याएवढी गोळी करायची. ती जाड पोलादी भांड्यात ठेवायची, त्यात दाबाने ऑक्सिजन भरायचा आणि ते भांडं पाण्याच्या बादलीत बुडवायचं. बटण दाबलं की आतली बारीक तार तापते आणि गोळी जळून जाते. बाहेर काही दिसत नाही. फक्त पाण्यातल्या थर्मामीटरचा पारा चढू लागतो. तो किती चढला त्यावरून गोळीत किती उष्णता होती ते काढायचं. सगळं शास्त्र एवढ्यावरच उभं आहे की उष्णता नाहीशी होत नाही. गोळीतून निघालेली पाण्यात सापडलीच पाहिजे. कमी सापडली तर ती कुठे गेली, आणि जास्त सापडली तर ती कुठून आली, हे शोधल्याशिवाय उठायचं नाही.

त्या पोलादी भांड्याचं नाव बॉम्ब. आमच्या धंद्यात सगळे तेच म्हणतात. एकदा मी मालकांना फोनवर "आज चार बॉम्ब उडवले, उद्या राहिलेले उडवते" असं सांगत होते, ते सायकलवाल्याने जिन्यात ऐकलं. पुढचे काही दिवस त्याने आपलं सामान रस्त्याच्या पलीकडे मांडलं होतं.

आता माणसांचं. पारा चढतो, पण चढला तिथे राहत नाही. बादलीतली उष्णता हळूहळू खोलीत झिरपते आणि पारा उतरू लागतो. हे उतरणं भिंगातून बघून टिपावं लागतं, कारण त्यावरून आकड्यात दुरुस्ती करायची असते. आणि माणूस म्हणजे चालतीबोलती शेगडी. नुसता बसला तरी जुन्या शंभराच्या बल्बएवढी उष्णता टाकत असतो. आमची ती खोली न्हाणीघराएवढी, उपकरण जुनं आणि मोठं हळवं. आत दुसरं कुणी आलं की पाऱ्याची चाल बदलायची. माझी स्वतःची उष्णता हिशेबात धरलेली होती, मी रोजचीच. दुसऱ्या कुणाची धरलेली नव्हती.

म्हणून दाराला काच बसवली होती आणि बाहेर एक लाकडी बाकडं टाकलं होतं. आलेल्याने बाकड्यावर बसावं आणि काचेतून माझ्याकडे बघावं.

बाकड्यावर कोण कोण बसून गेलं! माथेरानहून एक घोडेवाला गोणीत वाळलेली लीद घेऊन आला होता. तिच्या गोवऱ्या थापून हॉटेलांच्या बंबासाठी द्यायच्या असा त्याचा बेत.

"बाई, ही किती गरम हाय त्ये लिवून द्या. हाटेलवाल्याला दावायचंय."

"गरम किती ते नाही, जळल्यावर उष्णता किती देते ते सांगेन."

"तेच त्ये."

"तेच नव्हे." मग मी त्याला समजावलं. आगकाडीची ज्योत अंघोळीच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते, पण एका काडीवर कुणाच्या अंघोळीचं पाणी तापत नाही. तापमान म्हणजे किती चढलंय आणि उष्णता म्हणजे किती भरलंय.

त्याने विचार केला. "म्हंजे आमचा राजा घोडा. लई तापतो, पर वझं म्हनून उचलत नाय."

एवढं चांगलं उदाहरण मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. त्याची लीद लाकडाच्या जवळपास भरली. तो निकालाचा कागद छातीशी धरून जिना उतरला.

चौक गावच्या एका ढाबेवाल्याची आई तर पपई घेऊन आली. "सून आयकत नाय. गरवार हाय आन पपई खाती. उष्ण असती का नाय त्ये मशीनीत घालून सांगा." माझ्या मशीनची उष्णता आणि त्यांची उष्णता वेगळी, हे पटवण्यात माझी सकाळ गेली. पपई वाळवून जाळली तर तुपाच्या निम्म्यानेही उष्णता देणार नाही, आणि तूप तर कोळशालाही मागे टाकतं, असं मी बोलून गेले. "मंग तूप बंद करते तिचं," म्हणून त्या उठल्या. त्या सुनेचा मी केवढा तोटा केला असेन!

बाकी दिवस शांत असत. लग्न राहून गेलं होतं, आईवडील गेले, भाऊ नाशिकला. एकदा नमुने नव्हते म्हणून मी डब्यातल्या भाकरीचा तुकडा वाळवून, दळून, जाळून बघितला. अख्ख्या भाकरीच्या उष्णतेवर चांगलं पातेलंभर पाणी उकळलं असतं. एकट्या बाईने पातेलंभर पाणी उकळून करायचं काय, असं मनात आलं आणि मी उरलेली भाकरी खाऊन टाकली.

या अशा दिवसांत युसूफभाई यायचे. कर्जतच्या बाजूला भाताच्या गिरण्या आहेत, त्यांचा तूस ते गोळा करायचे आणि यंत्रात दाबून त्याच्या मनगटाएवढ्या जाड कांड्या काढायचे. आजकाल बरेच कारखाने कोळशाऐवजी या कांड्या जाळतात. युसूफभाईंचं घराणं मूळचं श्रीवर्धनकडचं, बायको वारलेली, मुलगी तिकडेच दिलेली. गाडी भरण्याआधी स्वतः नमुना घेऊन येणारा हा एकटा व्यापारी. बाकीचे ड्रायव्हरच्या हाती पाठवत.

येताना ते खालून दोन चहा आणायचे. माझा ग्लास बाहेर दाराशेजारच्या कठड्यावर ठेवायचे आणि बाकड्यावर बसायचे. मला मध्येच उठता येत नसे. काम संपवून बाहेर यावं तर चहा थंड.

"निवला बघा, बाई."

"उष्णता नाहीशी होत नाही, युसूफभाई."

"मंग गेली कुठं?"

"तुमच्या बाकड्यात."

"तरीच बूड तापलंय," म्हणून ते हसायचे. दर वेळी हेच संभाषण आणि दर वेळी दोघांनाही त्याचं हसू यायचं. त्यांचा निकाल मिळाला तरी ते पुढच्या कुणाच्या नमुन्यापर्यंत बसून राहायचे. काचेपलीकडून काहीतरी सांगायचे, मला ऐकू यायचं नाही आणि मी मान हलवायचे. मला ते आवडायचं, हे आज लिहायला हरकत नाही.

खालापूरच्या बाजूला रसायनांचा एक कारखाना होता. युसूफभाईंच्या निम्म्याहून जास्त कांड्या तिथल्या बॉयलरमध्ये जात. काही रसायनं एकमेकांत मिसळली की उष्णता बाहेर टाकतात, काही उलटी मागून घेतात. यांचं काम मागून घेणारं होतं. वाफ कमी पडली की तापमान अडायचं आणि माल अर्धवट शिजायचा. एका पावसाळ्यात हे वरचेवर होऊ लागलं. कांड्या ढिगाने जळत होत्या आणि वाफ काही धरत नव्हती. इकडे त्याच कांड्यांचे नमुने माझ्याकडे येत होते आणि आकडा दर वेळी उत्तम.

तिथल्या साहेबांनी आधी युसूफभाईंवर आळ घेतला. तुसात माती मिसळता, नमुना तेवढा चांगला देता. पण माल पोचल्यावरचा नमुना तर कारखान्याची माणसं स्वतःच्याच ढिगातून काढून पाठवत होती. मग साहेबांचा मला फोन आला. आवाज फार सभ्य होता.

"मॅडम, तो माणूस तुमच्या लॅबमध्ये तासन्‌तास बसलेला असतो म्हणे."

मी म्हटलं, "बाहेर. बाकड्यावर."

"असेल," ते म्हणाले.

त्या एका "असेल"ने मला झोप लागली नाही. माझ्याकडे होतं काय? घर नाही, संसार नाही, एक खरा आकडा होता. आणि युसूफभाईंकडे त्यांचं नाव. दोन्ही एकाच बाकड्यावर बसवून साहेबांनी खोटी ठरवली होती. दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून कारखान्यात गेले. इतकी वर्षं नमुने माझ्याकडे येत होते, ते कुठून निघतात हे मी कधी बघितलं नव्हतं.

बॉयलर सांभाळायला ठोंबरेमामा होते, कर्जतकडचे, घरची भातशेती करून नोकरी करणारे. बाहेर पाऊस कोसळत होता. बॉयलरच्या माथ्यावर सगळा संसार वाळत घातलेला: रेनकोट, पायमोजे, कुणाच्या तरी घरचे सादळलेले पापड. आणि त्यांच्या शेजारी ओळीने कागदी पिशव्या.

"मामा, या पिशव्या कसल्या?"

"नमुनं तुमचंच. टेंपो येईस्तवर ठेवतो हितं. पावसात कोरडी जागा हीच एक हाय. भिजलं तर तुमी मला बोल लावाल."

मी एक पिशवी उचलली. ताज्या भाकरीसारखी ऊन लागली. टेंपो कधी दुसऱ्या दिवशी यायचा, कधी तिसऱ्या. तोवर मामांच्या मायेने नमुना खडखडीत वाळत होता. मी उपाशी राहायचं ठरवून माझा जेवणाचा डबा मामांना देऊ केला. त्यांनी तो रिकामा केला, धुऊन पुसून दिला आणि आम्ही त्यात ढिगातल्या कांड्या घालून झाकण चिकटपट्टीने बंद केलं.

त्या डब्यातल्या कांड्या ओल्या निघाल्या. माती मात्र नव्हती. राख नेहमीसारखी करडी, स्वच्छ. उष्णताही कुणी चोरली नव्हती. कांडीतल्या पाण्याची वाफ करण्यातच ती खर्ची पडत होती आणि धुराड्यातून निघून जात होती. कारखाना खरं बोलत होता, माझा आकडाही खरा होता, फक्त आम्ही दोघं एकाच वस्तूबद्दल बोलत नव्हतो.

ओल आली कुठून, हे राहिलं होतं. म्हणून मी युसूफभाईंच्या शेडवर गेले. यंत्रातून कांडी बाहेर पडते ती चांगलीच तापलेली असते, ती उघड्यावर निववायची असते. पण त्या साली पाऊस आडवा लागत होता, म्हणून त्यांनी गरम कांड्यांवरच ताडपत्री टाकून ती चारी बाजूंनी घट्ट बांधली होती. माझ्याकडे आणायचा नमुना ते त्याआधीच काढून ठेवत. मी दोरी सोडून आत हात घातला. हात ओला झाला. गरम भाकऱ्या डब्यात झाकल्या की त्यांना घाम सुटतो, तसं झालं होतं.

युसूफभाई माझ्या हाताकडे बघत राहिले. "म्हंजे मीच भिजवला."

"तुम्ही जपलात."

"त्येच की." ते पोत्यावर बसले. "लिवा, बाई. हाय तसं लिवा."

मी होतं तसं लिहिलं. माती नाही. ओल आहे. नमुना वाळत होता. साहेबांनी कागद वाचला, आळ मागे घेतला, माफी वगैरे मागितली नाही. पण ओल्या जळणाची त्यांनी धास्तीच घेतली होती. पावसाळा संपायच्या आत तिथे गॅसचा बॉयलर आला आणि युसूफभाईंच्या कांड्या तिथे जाणं थांबलं.

"माती नाय म्हनून लिवलंत ना? मंग बास," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी चहा आणला, तो मी निवायच्या आत प्यायले, कारण काम नव्हतं. गरम चहा पिताना आम्हाला अवघडल्यासारखं झालं.

त्यानंतर ते यायचे थांबले. नमुने येत, ड्रायव्हर घेऊन येई, घट्ट झाकणाच्या डब्यात, शिस्तीत. मी आधी वाट बघितली, मग ड्रायव्हरला विचारलं. "बरे हायेत," एवढंच तो सांगे. शेवटी एकदा ठोंबरेमामा बाजाराला आले असता वर डोकावले, त्यांच्याकडून कळलं.

"त्ये म्हनले, बाईंनी खरा आकडा दिला त्यात माझं गिऱ्हाईक गेलं, त्याचं काय नाय. पर मी पुन्ना बाकड्यावर दिसलो, तर लोक म्हनतील बाईंचा आकडा माझ्या चहाचा. त्यापरीस नकोच."

मला राग आला. आकडा माझा होता, त्याची राखण करायला मी समर्थ होते. मला न विचारता हा माणूस परस्पर ठरवतो म्हणजे काय? तावातावाने मी कर्जतला जायला निघालेसुद्धा. जिन्यात थांबले. त्यांचं बरोबर होतं. हेच तर अवघड होतं. मी वर आले, दार लावलं आणि कुणाचा तरी लाकडाचा भुसा मोजायला घेतला.

पुढची वर्षं तशीच गेली. नमुने मोजले, पारा चढला, उतरला. बाकड्यावर माणसं बसायची, पण ती निकालासाठी बसायची आणि निकाल मिळाला की उठायची. मी चहा स्वतः खाली जाऊन आणायचे आणि गरम प्यायचे. एकटेपणाचं कौतुक सांगणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांना संध्याकाळी बोलायला कुणीतरी असतं.

मग नवीन यंत्र आलं. त्याला पंखा चालतो, दार उघडं चालतं, गावजेवण घातलं तरी चालतं. ते आपलं आपण दुरुस्ती करून आकडा दाखवतं. मी निवृत्त होणार होते आणि जुनं उपकरण भंगारात जाणार होतं. शेवटच्या दिवशी दुपारी मी ते एकदा चालवायचं ठरवलं. उपकरण तपासायला एक प्रमाणित गोळी मिळते. तिची उष्णता आधीच ठाऊक असते आणि उत्तर तेच यावं लागतं. अशा गोळ्या मी आयुष्यभर जाळल्या होत्या, उत्तर नेहमी तेच यायचं. पंखा बंद केला, दार लावलं, बटण दाबलं. पारा चढू लागला.

काचेवर सावली पडली म्हणून मान वळवली. युसूफभाई उभे होते. दाढी पांढरी झाली होती. हातात दोन चहा. ठोंबरेमामांनी सांगितलं असणार. त्यांनी माझा ग्लास कठड्यावर ठेवला आणि काचेला तोंड लावून मोठ्याने विचारलं, "आज कुनाचा नमुना हाय?"

"कुणाचा नाही," मी ओरडले. "तपासायची गोळी आहे."

"मंग बसतो," ते म्हणाले आणि बाकड्याकडे वळले.

या आकड्यावर कुणाची गाडी अडणार नव्हती, कुणाचं नाव जाणार नव्हतं. हे विचारून घेऊन मगच हा माणूस बसत होता. पारा वर पोचला होता आणि उतरायला लागण्याच्या बेतात होता. नेमकी हीच वेळ हलायची नसते. मी उठले आणि दार उघडलं.

"आत या."

"पारा बिघडंल, बाई."

"बिघडू दे."

ते चपला काढून आत आले, देवळात यावं तसे. बसायला एकच स्टूल. ते मी त्यांना दिलं आणि बादलीशेजारी उभी राहिले. दार लावून घेतलं. त्यांनी पहिल्यांदाच भिंगातून पारा बघितला. उकडत होतं. आम्ही दोघंही घामाघूम झालो आणि चहा, बाहेर कठड्यावर, निवत राहिला.

पुढे ते मुलीकडे श्रीवर्धनला गेले, आता तिकडेच असतात. ईदेला मी फोन करते, दिवाळीला ते करतात. "निवला का?" एवढं विचारतात. माझ्या घरात आता तीन खोल्या, दोन पंखे आणि एक माणूस आहे. दार उघडं ठेवलं तरी चालतं.

त्या दुपारी पारा वर गेला तो उतरायलाच तयार होईना. मी सवयीने शेवटपर्यंत आकडे टिपले आणि हिशेब केला. ठाऊक असलेलं उत्तर माझ्या सगळ्या नोकरीत पहिल्यांदा चुकलं, थोडं जास्त आलं. जास्तीची उष्णता कुठून आली, ते मात्र त्या दिवशी शोधावं लागलं नाही.